ब्राव्हो की व्हिक्टर

रविवारी दुपारी मटण-भाकरी हाणली, की यशवंतराव शितोळे 'जरा पाठ टेकतो' म्हणून खाटेवर आडवे होतात आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागतात. झोप लागली होती हे मात्र कधी कबूल करत नाहीत. आजही डोळे जडावलेत. बाहेरच्या खोलीत त्यांची नात, सात वर्षांची रेवती जगदाळे, शाळा-शाळा खेळतेय. छोट्या फळ्यावर मुलांची नावं लिहून हजेरी घेतेय. खडू करकरतो आहे.

करकर कानात राहते, खोली मात्र सरकते. खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या दिसतात. एकाहत्तरचा डिसेंबर आहे, ते बावीस वर्षांचे कॉर्पोरल आहेत आणि समोर ऑपरेशन्स रूमचा मोठा काळा फळा आहे. या फळ्याची भीती त्यांना तेव्हाही वाटायची. बॉम्बर घेऊन कुणी उडायचं ते फ्लाइट कमांडर ठरवायचे. काल कोण जाऊन आला, सर्दीनं कुणाच्या कानाला दडे बसलेत, कोणत्या वैमानिकाचं कोणत्या नेव्हिगेटरशी जमतं, सगळं बघून. मग टेलिफोनवर नावं सांगायचे आणि शितोळ्यांनी ती खडूनं मांडायची. विमानाचा नंबर, वैमानिक, नेव्हिगेटर, निघायची वेळ. परत आल्याची वेळ हा शेवटचा रकाना कोरा ठेवायचा. पोरं यायची, फळ्याकडे बघायची आणि चहाकडे वळायची.

"केस पिकले की रे तुझे, शितोळे."

मागे उडायच्या पोशाखात बी. जगदाळे उभा आहे. नेव्हिगेटर. वय सव्वीस, तेव्हा होतं तेवढंच. हा माणूस त्या डिसेंबरात उडाला तो परतलाच नाही.

"बसा ना, सर," ते म्हणतात.

"बसायला नाही आलो. फळा वाच."

फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, नेव्हिगेटर बी. जगदाळे. शेवटचा रकाना कोरा.

"फोनवर काय सांगितलं होतं तुला?"

"लाइनवर खरखर होती, सर. नीट ऐकू आलं नाही."

"स्क्वाड्रनमध्ये जगदाळे दोन. एक बी, एक व्ही. म्हणून तर बीला ब्राव्हो म्हणायचं आणि व्हीला व्हिक्टर. ब्राव्हो की व्हिक्टर, एवढंच विचारायचं होतंस ना रे?"

एवढंच विचारायचं होतं. पण पुन्हा विचारलं तर साहेब खेकसतील, म्हणून शितोळे गप्प बसले आणि कानाला वाटलं ते लिहून मोकळे झाले. विमान रात्रीच निघून गेलं. सकाळी तोच हुकूम कागदावर आला. त्यात स्वच्छ 'व्ही' होतं. कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो बुटात घातला. दोन्ही जगदाळ्यांनी आपसांत अदलाबदल केली असेल, असं फ्लाइट कमांडरला वाटलं. पोरं कधीमधी करायची तसं. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. यशवंतरावांनी ती बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

"चल," जगदाळे म्हणतो, आणि ते मंगल कार्यालयाच्या दारात उभे असतात. सनई वाजतेय, वाजवणारा कुठे दिसत नाही. फळा तोच आहे. त्यावर रंगीत खडूनं लिहिलंय, शितोळे-जगदाळे शुभविवाह, आणि खाली नवरानवरीची नावं. यशवंतरावांच्या लेकीचं लग्न. नवरा मुलगा व्हिक्टरचा, म्हणजे विश्वासराव जगदाळ्यांचा. वाचलेला तो दुसरा जगदाळे आज त्यांचा व्याही आहे.

"माझाही साखरपुडा झाला होता," बी. जगदाळे त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणतो. "फलटणला. आठवतं?"

"पेढे दिले होते तुम्ही, सर."

"मग चूक दुरुस्त कर." तो ओलं फडकं पुढे करतो. "बी पूस. व्ही लिही."

यशवंतराव फडकं हातात घेतात, पण पुसत नाहीत. तिथे व्ही लिहिलं, की विश्वासराव एकाहत्तरातच संपले. मग त्यांचा मुलगा नाही, हे लग्न नाही, रेवती नाही. आणि आत्ता त्यांच्या ध्यानात येतं की खडूची करकर थांबली आहे.

"रेवती!" ते हाक मारतात, पण आवाज फुटत नाही. फळ्यावरची नावं आपोआप फिकी होत चाललीत. आधी जावयाचं जातं, मग लेकीचं. फळ्याखाली रेवतीची लाल खुर्ची आहे, रिकामी.

"माझं नाव लिहा, सर. चूक माझी होती."

"तू उडणारा नव्हेस. तुझं नाव या फळ्यावर चढत नाही." जगदाळे रागावलेला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. "व्हिक्टरला सांगितलंस?"

"कसं सांगू? पोरीचं सासर आहे ते."

"त्याला वाटतं, नशिबानं वाचला. त्याच्या जागी मी गेलो, हे त्याला तरी कळू दे. पूस, नाहीतर सांग."

फडकं हाताला थंडगार लागतं. हात यशवंतरावांचं ऐकत नाही, तो फळ्याकडे निघतो.

"सांगतो!" ते किंचाळतात. "सांगतो, सर!"

त्यांना जाग येते ती उभ्यानंच. बाहेरच्या खोलीत, रेवतीच्या फळ्यासमोर. खिडकीतून लख्ख ऊन आलंय. रेवती लाल खुर्चीमागे अंग चोरून उभी आहे. ते तिला उचलून छातीशी इतकं घट्ट धरतात, की ती 'दुखतंय' म्हणते. खाली ठेवतात तेव्हा तिच्या निळ्या फ्रॉकवर खडूचा पांढरा पंजा उमटलेला असतो.

"झोपेत चालत आलात तुम्ही, आजोबा. मी हाक मारली तर बोललाच नाहीत." मग ती धीर करून फळ्याकडे बोट दाखवते. "आणि हा कोण? माझंच आडनाव आहे."

तिच्या मुलांच्या नावांखाली, कॉर्पोरल शितोळ्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलंय, बी. जगदाळे.

"हजर की गैरहजर?" रेवती विचारते. तिला हजेरी पुरी करायची आहे.

यशवंतराव फोनपाशी जातात. नंबर तोंडपाठ आहे, तरी दोनदा चुकतो.

"बोला व्याही," पलीकडून विश्वासरावांचा नेहमीचा मोठा आवाज येतो. "आमची रेवती फार पिडते का?"

लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत यशवंतरावांनी त्यांना विश्वासराव याखेरीज दुसरी हाक मारलेली नाही.

"सर," ते म्हणतात, "कॉर्पोरल शितोळे बोलतोय." रिसीव्हरच्या काळ्या दांड्यावर त्यांची पाच पांढरी बोटं उठली आहेत.