शेजारच्या सीटवरच्या भाभी

गाडीत बसून पट्टा लावला की भाभी आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवत, थंडीने काकडलेलं मूल बसतं तशा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ताई, हात मोकळे राहिले की पोरांचं स्टिअरिंग ओढतात. मग गाडी पोर चालवत नाय, मी चालवते."

बाळांनो, तुम्हाला शिकाऊ परवाना मिळाला, पण शेजारी आई बसल्याशिवाय गाडी काढता येत नाही, म्हणून फोनवर तुमची कुरकुर चालते. आईलाही ते बसणं जड जातं म्हणे. शेजारी बसणं म्हणजे काय, ते मी भाभींकडे पाहिलं.

इथे आखातात, हवल्लीत, त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळच्या रत्नागिरीच्या. इथे एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. माझी लेक, तुमची चुलत बहीण नेहा, अठरा पूर्ण होताच गाडी शिकायला लागली, पण तिच्या पहिल्या शिक्षकाने दवारवर, म्हणजे इथल्या गोल चौकात, ओरडून तिच्या हातातलं स्टिअरिंग हिसकावलं. त्या दिवसापासून ती गाडीत बसेना. शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली होती, पण त्याहून वाईट म्हणजे पोरगी सगळ्याच बाबतीत "मला नाही जमणार" म्हणायला लागली होती.

भाभींनी तिला समजावलं नाही. शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असताना खाली बोलावलं. नेहाच्या हट्टाने मी मागे बसले.

"ताई, तुम्ही मागं पाय दाबताय काय? त्यानं गाडी थांबायची नाय."

मी पाय मागे घेतला.

नेहा दवारमध्ये शिरली, पण बाहेर पडायचा रस्ता आला की धीर सुटे आणि आम्ही पुन्हा गोल फिरत राहू.

"आय कान्ट, आंटी."

"मग फीर आणखी. पेट्रोल शाळेचं हाय, तुझ्या बापाचं नाय."

मागचा एकजण हॉर्न वाजवू लागला.

"त्याला घाई हाय. आपल्याला कुठं हाय?" मग रस्त्यावरची नजर न काढता मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बांगड्याच्या आमटीला त्रिफळं घालता की नाय?"

मी घालते म्हणाले. किती, कधी, ठेचून की अख्खी, हे सांगत होते, तेवढ्यात नेहाने सिग्नल दिला आणि गाडी बाहेर काढली. भाभींनी शाबासकीसुद्धा दिली नाही. "अख्खीच बरी," एवढंच म्हणाल्या.

मी आयुष्यभर इतरांना नीट वागायला शिकवत आले. गप्प बसून कुणाला काही शिकवता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नेहा परीक्षा पास झाली. पेढे घेऊन वर गेली तर भाभी म्हणाल्या, "झालं? आता हवल्लीत पार्किंग शोधत फीर जन्मभर."

पुढे त्यांच्या यजमानांची नोकरी संपली आणि ती दोघं कायमची गावी निघाली. यजमान सामान घेऊन आधी गेले. "भाभींना विमानतळावर मीच सोडणार," असं नेहाने सांगून टाकलं.

गाडी नेहा चालवत होती; भाभी मागे बसल्या, मी पुढे तिच्या शेजारी. रिंग रोडला संध्याकाळची गर्दी होती. दोन्ही बाजूंनी गाड्या घुसत होत्या. भाभी आता काहीतरी बोलतील म्हणून मी वळून पाहिलं. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपल्या होत्या.

"भाभी झोपल्या गं," मी हळूच म्हणाले.

विमानतळ येईपर्यंत नेहाने एकदाही जोरात ब्रेक लावला नाही.