मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा

बायकोच्या कापडदुकानाबाहेरच्या फळ्यावर मी रंगीत खडूंनी लिहिलं, ‘सर्व ग्राहकांना मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा!’ दोन्ही बाजूंना एकेक गुलाब काढला. गुलाब मला बरा जमतो. मग रस्ता ओलांडून, कमरेवर हात ठेवून लांबून पाहिलं आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो.

यात माझं काय चुकलं ते कळायला माझं लहानपण थोडं सांगावं लागेल. आमचं मूळ गाव पुसेगावच्या बाजूला. तिथं मोहरम म्हणजे हलगी, पंजे घेऊन नाचत जाणाऱ्या सवाऱ्या आणि गूळ-तूप घालून कुस्करलेला मलिदा. एक सवारी तर आमच्या भावकीतलाच माणूस धरायचा. मी सारखा आजारी पडायचो, म्हणून आईनं नवस बोलून मला मोहरमचा फकीर केलं होतं. गळ्यात रंगीत नाडा, खांद्याला झोळी, आणि घरोघर मागायचं. एरवी दुसऱ्याच्या घरी हात पसरला की पाठीत धपाटा बसायचा. इथं आईच मागायला धाडत होती. याहून आनंदाचा सण कोणता? हा दुखवटा आहे, हे मला पन्नाशी आली तरी कुणी सांगितलं नव्हतं. मीही मलिदा सोडून कशाची चौकशी केली नव्हती.

चहा पिऊन आलो तर शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या आपा फळ्यासमोर उभ्या. आखाडा बाळापूरच्या साऱ्या बाजाराच्या त्या आपा.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “मयतीच्या घरी जाऊन कुनी शुभेच्छा देतं का?”

“मयत? कोणाची?”

“घ्या! वरून गुलाबबी काढला!” त्यांनी पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते. मग नीट सांगितलं. पैगंबरांच्या नातवाला करबल्याच्या मैदानात लेकराबाळांसकट पाण्यावाचून तडफडत ठेवलं, शेवटी मारलं. त्याची ही आठवण.

मी सदऱ्याच्या बाहीनंच फळा पुसायला धावलो. पण उशीर झाला होता. समोरच्या खताच्या दुकानाच्या मालकानं फोटो काढून बाजाराच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता. खाली लिहिलं होतं, ‘करायला गेले गोडगोड, अन् तेबी येत न्हाई.’

या गृहस्थांचा राग जुना. त्याच वर्षी रमजानात बायकोनं माझ्याकडून ‘ईद मुबारक’ लिहून घेतलं, तेव्हापासूनचा. तेव्हाही ते रस्ता ओलांडून आले होते.

“वहिनी, काहून हे? लोक बोलून राहिले.”

“दिवाळीचं लिहिलं, सेवालाल जयंतीचं लिहिलं, तवा तुमी काहून इचारलं न्हाई?” बायको गजानं कापड मोजतच म्हणाली. “त्या बाया ईदचे कपडे माझ्या दुकानातून नेतात. मंग त्यांच्या ईदचं नाव घ्यायला मला कशाची लाज?”

ते गेले. त्यांच्या घरच्या बाया त्यानंतर दुकानात आल्या नाहीत. आणखीही एकदोन घरची गिऱ्हाइकं तुटली. बायकोनं फळा हलवला नाही. त्या दिवसांत मी तिच्याकडे गुपचूप बघायचो. सतरा वेळा विचार करून एक वाक्य बोलणारा माणूस मी, आणि ही बाई गिऱ्हाईक तुटताना बघूनसुद्धा हसतमुखानं घड्या घालत होती.

आणि आता तिच्या त्या फळ्यावर मी हा गुलाब काढून ठेवला होता. तिकडचे चिडलेले, इकडचे दुखावलेले. दोन्हीकडून मार खायची सोय मी एकट्यानं केली होती.

खतवाले पुन्हा आले. या वेळी आवाजात चक्क माया. “वहिनी, आता तरी फळाच काढून टाका. ना कुनाला शुभेच्छा, ना कुनाची तकलीफ.”

मलाही ते पटलं. मी फळा उचलायलासुद्धा लागलो.

“ठेवा खाली,” बायको म्हणाली. मग आपांकडे वळली. “आपा, काय लिहू?”

“लिहायचं काय त्यात? पानी पाजा. सवाऱ्यांच्या दिवशी तहानलेल्याला सरबत पाजतात, सबील म्हनतात.”

दुसऱ्या दिवशीच सवाऱ्या निघणार होत्या. सकाळी बायकोनं घरचा माठ दुकानासमोर मांडला, सब्जा घालून लिंबाचं सरबत केलं, आणि माझ्या हातात पांढरा खडू दिला. फक्त पांढरा. तिनं सांगितलं तेवढंच मी लिहिलं: ‘काल आमचं चुकलं. आज सरबत घ्या.’

पावसानं दडी मारली होती, ऊन चटके देत होतं. तांड्यावरच्या बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन थांबल्या. जीपवाले थांबले. कुणी फळा वाचून हसले, कुणी विचारलं, “काय चुकलं व्हतं हो?” आणि पेला भरून देता देता मला प्रत्येकाला आपला गाढवपणा पहिल्यापासून सांगावा लागला. आपा शेजारी उभ्या राहून, मी गुलाब विसरलो की आठवण करून देत होत्या. त्यांच्या घरची माणसं आली, त्यांनी पाठीवर थाप मारली. ‘शुभेच्छावाले काका’ हे नाव तिथंच पडलं, ते अजून आहे.

दुपारी सवाऱ्या गेल्यावर खतवाले आपल्या दुकानाच्या दाराशी उभे दिसले. घामाघूम. बायकोनंच पेला भरला, रस्ता ओलांडून नेऊन दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच संपवला. पेला मात्र परत द्यायला स्वतः इकडं आले आणि फळ्याकडे बघून म्हणाले, “साखर जरा कमी पडली, वहिनी.”

“उद्या घरच्यांना धाडा,” बायको म्हणाली. “त्यांना जास्त घालून देते.”

त्यांच्या घरचं कुणी दुसऱ्या दिवशी आलं नाही. सून आली, पण ती आठवड्यानं, आणि ब्लाऊजपीस घेऊन गेली.

सरबताच्या दिवशी संध्याकाळी माठ विसळताना मी सहज म्हटलं, माझी चूक झाली म्हणून तर एवढं चांगलं घडलं. बायकोनं फळा आत नेऊन भिंतीला टेकवला, खडूचा डबा माझ्या हातातून काढून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाली, “पुढं पोळा येऊन राहिला. फळा पुसून ठेवा. अन् काही लिहायच्या आधी बैलाला इचारून घ्या.”