खाचेत बसलेली खुंटी

अब्बांना विषाणू समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं घरात सगळे म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. अक्कलकुव्यात सुतारकामाचं दुकान चालवणाऱ्या माझ्या बापाला खाच आणि खुंटीपलीकडच्या जगात रस नव्हता, हे खरं. पण माझंही काम खाचेचंच होतं की!

मी समुद्राकाठच्या शहरात, एका प्रयोगशाळेत, कोंबड्यांना होणाऱ्या देवी रोगाच्या विषाणूवर काम करते. विषाणू शिरलेली पेशी स्वतःला मारून घेते, म्हणजे शेजारच्या पेशी वाचतात. मरणाचा हा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा पिळाच्या सळीसारखा असतो. विषाणू मोठा बिलंदर. तो असं एक प्रथिन घडवतो, ज्याच्या अंगावर बरोबर त्या सळीच्या मापाची खाच असते. सळी तिथेच अडकते, निरोप पोचत नाही, पेशी मरत नाही आणि विषाणू आत निवांत वाढतो. ती पकड सैल कशी करायची, हे आम्ही शोधतो. फोनवर हे सगळं मी अब्बांना सांगितलं.

"मंग मराणं हाई बी तिन्हं कामच शे?" त्यांनी पेशीबद्दल विचारलं.

पुढच्या ईदला मी घरी गेले, तर त्यांनी सागात ते प्रथिन कोरून ठेवलेलं. मुठीएवढं, गुळगुळीत, खाचेत पिळाची खुंटी. फक्त ती खुंटी निघत नव्हती. सैल सांधा अब्बांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. डोंगरातले लोक दांडा हलणारी कुऱ्हाड घेऊन यायचे, तेव्हा ते पैसेही घेत नसत. "रातभर पानीमा ठेव, घट्ट व्हई जाई," म्हणून परत पाठवायचे.

तुकडा मी शहरात नेला, तिथे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी ती खुंटी ओढून पाहिली. मी फोन केला, "अब्बा, खुंटी निंघत नही."

"घर लई ये. मी काढी दिसू."

मग प्रत्येक फोनला तेच. "कव्हय येशी?" खुंटीचं नुसतं निमित्त आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. मलाही त्या दुकानात, भुशाच्या वासात, त्यांच्या शेजारी बसायची फार ओढ लागली होती. उन्हाळ्यात येते, मी म्हणाले.

ऊन तापायला लागलं आणि अब्बा गेले. मी पोचले तोवर दफन झालं होतं.

सागाचा तुकडा पिशवीत होता. तो मी त्यांच्या दुकानात ठेवला आणि रोज तिथे जाऊन बसू लागले. इकडची कोरडी हवा, पत्र्याखालची धग. एका दुपारी सवयीने खुंटीला हात लावला, तर ती अलगद निघून हातात आली.

मला ती निघायला नको होती. मी ती पुन्हा खाचेत बसवली, कोपऱ्यातली बादली भरली आणि तुकडा पाण्यात सोडला. तो वर तरंगायला लागला. मग संध्याकाळपर्यंत मी तो हाताने दाबून धरला.