ती म्हणाली होती, गरम पडतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिच्यापाशी सगळं बोलते त्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस दोन वर्षं दडी मारून बसला होता. मी एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात सिस्टर होते. बारा खाटा, आणि टँकर येईल तेव्हा ऑपरेशन. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पेशंट कळवळला की वाटायचं, सोंग करतोय. सुनेबरोबर सासू आली की मग तर मी डोळ्यांत तेल घालून बसायचे. सुनेच्या औषधाला आडव्या येणाऱ्या सासवा मी पाहिल्या होत्या — पण सगळ्याच तशा असतात का?

निलंग्याकडची महादेवी अपेंडिक्ससाठी आली. असेल वीस-बावीसची. सोबत नवरा, आणि सासू गुरूबाई — गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसलेली. ऑपरेशनआधी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं होतं. महादेवी कळांनी बेजार, नवरा पैसे भरायला खाली गेलेला. औषधाचं नाव कानावर पडताच गुरूबाई उठली. "बाई, ही सुई तिला गरम पडती."

आता हा शब्द — आमच्याकडे काय गरम पडत नाही? गोळी गरम, टॉनिक गरम, पपई गरम. दिवसातून दहा वेळा ऐकायचे. मनात म्हटलं, आली ही आडवी. पुढचं मी ऐकलंच नाही.

नाही, हेही खोटं. ऐकलं. "मागं दिल्ती तर अंगभर गांधी उठल्या, तोंड सुजलं." गांधी म्हणजे पित्ताचे लाल चट्टे, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

आणि एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. पेनिसिलिन देण्याआधी हाताच्या कातडीखाली थेंबभर टोचून अर्धा तास वाट बघायची असते. टँकर येऊन गेला होता, डॉक्टर घाई करत होते. मी टेस्ट केलीच नाही. केसपेपरवर मात्र लिहिलं — टेस्ट केली, त्रास नाही. खाली माझी सही.

इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी धावत येऊन तिला वाचवलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या औषधावर झालं.

डॉक्टरांनी नातेवाइकांना फैलावर घेतलं. आधी त्रास झाला होता तर सांगायचं नाही? गुरूबाई म्हणाली, सांगितलं की या बाईला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मला काही बोलल्या नाहीत." जीभ जरासुद्धा अडखळली नाही. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, त्यावर टेस्ट लिहिलेली, आणि विषय मिटला.

तिचा मात्र मिटला नाही. सुनेच्या जिवावर उठलेली सासू — मुलानं तेच धरलं. आठ दिवस त्यानं आईला महादेवीच्या खाटेजवळ फिरकू दिलं नाही. ती जिन्यात बसून राहायची. मी दिवसातून किती वेळा तिच्या शेजारून जायचे? एकदाही तोंड उघडलं नाही. उलट लक्ष ठेवून असायचे — ही डॉक्टरांना गाठून काही बोलते की काय.

घरी निघायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. वाटलं, भांडणार. उत्तरं तयार ठेवली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले. "बाई, मला सांगितल्यावानी वाटत हुतं, पर न्हाईच सांगितलं दिसतंय. म्हातारं डोस्कं. तुमच्यावर उगं आळ घेतला. माफी करा."

मी म्हणाले, "असू द्या आजी. होतं असं."

आणि तिला माफ केलं.