कल्ल्यांपुरता नवा करार

न्हावीकाकांना सगळी गल्ली करारकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गालावर फेस चढला, की यांचं प्रवचन सुरू. बायबलातला जुना करार म्हणजे देवाने आखून दिलेले नियम, नवा करार म्हणजे ख्रिस्ताने फुकट देऊ केलेली क्षमा, हे त्यांना तोंडपाठ. आता गळ्यावर वस्तरा असताना वाद कोण घालणार? लोक नुसतं "हूं, हूं" करायचे, आणि काका त्यालाच आमेन समजायचे.

दोन करारांची वाटणी मात्र त्यांनी भलतीच सोयीची केली होती. जुना लोकांसाठी, नवा स्वतःसाठी. शेजारी उपासनेला उशिरा आला की काका दहा आज्ञा घेऊन सीनाय पर्वतावर चढलेच म्हणून समजा! स्वतः मात्र रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, दुपारी दुकानाचं शटर हळूच अर्धं वर करत. बायकोने हटकलं की म्हणत, "अगं, आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत." कृपेखाली कसले, शटरखाली म्हणा!

लेकीच्या वाट्याला अर्थातच जुना करार आला. तिने घरी न विचारता आपल्या पसंतीने लग्न केलं. आईबापाचा मान राखायची आज्ञा मोडली म्हणून काकांनी तिला दार बंद केलं. आता जावयाची बदली समुद्रापलीकडे झाली होती. जाण्याआधी एकदा येऊन जाऊ का, असं लेकीने आईला फोनवर विचारलं, तर काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम. कानामात्रेचाही फरक होणार नाही." पोटची पोर दूर देशी चालली, आणि या बाबाला कानामात्रेची पडली होती!

बायको रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिने सरळ चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. शनिवारी ते दाढी करून घ्यायला आले. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. ती पडद्याला कान लावून उभी राहिली.

"मुलीला येऊ द्या," पाळकसाहेब फेसातून म्हणाले.

"आज्ञा आहे साहेब! देवाचा शब्द म्हणजे काय दुकानाची पाटी आहे, हवी तेव्हा फिरवायला?"

"बरं. मग माझ्या कल्ल्यांना हात लावू नका."

"का हो? वाकडे कापले का?"

"दाढीच्या कडा छाटू नका, असं त्याच नियमशास्त्रात आहे. तुम्ही तर जन्मभर तेच करत आलात."

काकांचा वस्तरा हवेतच थांबला. सगळा धंदाच पापात निघाला की! मग एकदम त्यांना हायसं वाटलं. "अहो, ते जुन्या करारातलं! प्रभू आले, नवा करार आला, आता त्याचं काय एवढं!"

"आईबापाचा मान आजही राखायचाच," पाळकसाहेब म्हणाले. "पण क्षमा काय फक्त कल्ल्यांपुरती आहे?"

पडदा सर्रकन बाजूला झाला. "साहेब, तुम्ही साक्षीला आहात. मी पोरीला फोन करते," बायको म्हणाली आणि फोन लावूनही मोकळी झाली. काका ब्रश धुवत राहिले, स्वच्छ होता तरी.

संध्याकाळी लेक आली. काकांनी भाषण तयारच ठेवलं होतं. "मी मोठ्या मनाने तुला क्षमा करायला तयार आहे. तू फक्त 'चुकले' म्हण."

"आईला भेटायला आलेय बाबा. लग्न केलं त्यात माझं काही चुकलं नाही."

"आधी म्हणायचं, मग आत यायचं!"

"अहो, नाक घासल्यावर देता ती कसली कृपा?" बायको कडाडली.

डोळे पुसून लेक वळली आणि पायरी उतरू लागली. काकांनी घाईघाईने वचन शोधलं. जुन्यातलं सापडेना, नव्यातलंही सापडेना. पोरगी रस्त्यावर पोचली. अनवाणीच धावत जाऊन त्यांनी तिचा हात धरला.

"जाऊ नकोस गं," ते म्हणाले. "माझं चुकलं."