दोन टाक्यांमधला व्हॉल्व्ह

बोटीच्या दोन पेट्रोल टाक्यांमधला व्हॉल्व्ह मी उघडला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पोस्टिंग सरहद्दीवरच्या तलावावर होतं. गस्तीच्या बोटीला दोन इंजिनं, प्रत्येकाची टाकी वेगळी. मधे जोडनळी, तिच्यावर व्हॉल्व्ह, आणि तो कायम बंद. एका टाकीत खराब पेट्रोल आलं तरी दुसरं इंजिन घरी आणतं, एवढंच त्यामागचं शहाणपण. बोट नायक हिंमतच्या ताब्यात. तो शिरपूरकडचा, मी पहूरचा, घरी केळीची बाग. मला नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. "केळीवाला" म्हणायचा.

त्या सकाळी डावी टाकी नव्या बॅरलमधून भरलेली होती, उजवी अर्धी. बोट एका अंगाला कललेली. आमच्याकडे एका विहिरीचं पाणी कमी पडलं की दुसरीची पाइपलाइन जोडून घेतात. केळी थांबत नाही. मीही तेच केलं. बोट सरळ झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

नव्या बॅरलमध्ये पाणी होतं.

तलावाच्या मध्यावर डावं इंजिन खोकून बंद पडलं. हिंमत म्हणाला, "ऱ्हाऊ दे, उजवं शे." मग उजवंही बंद पडलं. वारा आम्हाला लाल तरंगत्या खुणांकडे ढकलत होता. त्यांच्या पलीकडचं पाणी आपलं नव्हतं.

"कंट्रोल, बोट दोन. दोन्ही इंजिनं बंद. बोट हद्दीकडे वाहतेय. ओव्हर."

"बोट दोन, आहे तिथंच थांबा. मदत निघाली. ओव्हर."

"वाराले सांगा," हिंमत पुटपुटला. मग त्याची नजर व्हॉल्व्हवर गेली, तिथून माझ्यावर.

"केळीवाला, हाई तुनं वावर शे का?"

व्हॉल्व्ह बंद करून त्यानं पेट्रोलचा राखीव कॅन ओढला. उजव्या इंजिनाची नळी टाकीतून काढून त्यात बुडवली. मी फिल्टरमधलं पाणी ओतून टाकलं आणि पेट्रोल ओढण्यासाठी नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिलो. बोटं बधिर झाली होती. खुणांवरचा गंज दिसायला लागला, तेव्हा इंजिनानं धरलं. साहेबांना हिंमतनं 'पेट्रोलमध्ये पाणी होतं' एवढंच सांगितलं.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर होतो. वादळात अडकलेली एक बोट आणायला तो गेला. त्या बोटीतले सगळे परतले. हिंमतला लाटेनं नेलं. त्याच्या बोटीची दोन्ही इंजिनं तेव्हाही चालू होती.

आता मी गावी केळी करतो. विहिरीवरचा व्हॉल्व्ह फिरवताना क्षणभर थांबतो. मागून "केळीवाला" ऐकू येईल असं वाटतं. मजुरांना वाटतं, कंबर धरली.

वर्षातून एकदा शिरपूरकडे त्याच्या आईला भेटायला जातो. तिला सगळे आक्का म्हणतात. यंदा गेलो तर तिच्या शेतात बोअरची मोटर जोरात, विहिरीच्या पाण्याची धार मात्र बारीक. दोन्ही पाइपलाइनींच्या मधे व्हॉल्व्ह, बंद. मी सवयीनं वाकलो.

आक्का बाजेवरून उठलीसुद्धा नाही.

"हात नको लावू," ती म्हणाली. "त्यानी माले सगळं सांगेल शे."