वेशीबाहेरची मोटार

माणसाची नाडी पाहणारे वैद्य मी पुष्कळ पाहिले, पण मोटारीच्या बॅटरीची नाडी सकाळ-संध्याकाळ पाहणारा माणूस उभ्या मुलखात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमचे आतोबा सोलापुरात चादरींचा व्यापार करीत. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाने रंग जाईल का म्हणून विचारले, तर ते मान वर न करता "धुऊन बघा" म्हणत. पण कुणी सहज "मोटार कशी आहे?" एवढे म्हटले, की गादीवरून उठून त्याच्यासाठी चहा मागवीत. मी वैरागचा. गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून लागल्यावर आत्याकडेच राहायला आलो, आणि त्यामुळे या अजब संसाराचा बहुतेक भाग मला ओसरीवर बसून फुकटात पाहायला मिळाला.

मोटार एका साहेबाने वापरून सोडलेली होती. आतोबांचे घर शुक्रवार पेठेत. घरात फोडणी घातली तर दुकानात ठसका लागावा एवढेच अंतर, पण आतोबा ते मोटारीनेच तोडीत. सकाळी सेल्फचे बटण दाबायचे, इंजिन गुरगुरले की दोन वळणे घ्यायची आणि दुकानापुढे बंद करायचे. दुपारी जेवायला पुन्हा सेल्फ, पुन्हा दोन वळणे. एकेका सेल्फला बॅटरीतली जेवढी वीज जाई, तेवढी परत भरायला ती दोन वळणे कुठली पुरणार! आठवड्याच्या अखेरीस बटण दाबले की मोटार नुसती "टक्" म्हणे आणि गप्प होई. मग मी कचेरीचे कपडे सांभाळीत हँडल मारायचे, आणि आतोबांनी आत बसून मला "जोर कमी पडतोय" असे सांगायचे, हा क्रम ठरलेला होता.

या बॅटरीसाठी त्यांनी काय केले नाही ते विचारा. थंडीत ती गारठते म्हणून ते रात्री तिला घोंगडी पांघरीत, आणि आत्या बिचारी आपली चादर दोन्ही बाजूंनी ओढून घेत निजे. दिवे म्हणजे बॅटरीचे रक्त, म्हणून दिवेलागणीच्या आत मोटार घरी आलीच पाहिजे. हॉर्न तर त्यांनी कधी वाजवलाच नाही. बाळीवेशीच्या गर्दीत शिरले की स्वतःच खिडकीतून डोके काढून "पों! पों!" ओरडत. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "हॉर्न बॅटरी खातो. मी भाकरी खातो. ओरडायला माझं काय जातंय?" पुढ्यातला टांगेवाला मागे वळून म्हणाला, "सेठ, मोटार की आवाज बैठ गई क्या?" आतोबांनी त्याला गंभीरपणे सांगितले, की आवाज शाबूत आहे, पण राखून ठेवलाय.

सगळ्यांत कडक सोवळे पाण्याचे. बॅटरीला लागणारे डिस्टिल पाणी ते औषधांच्या दुकानातून बाटलीने आणीत आणि देवघराच्या फळीवर गंगाजलाशेजारी ठेवीत. एकदा ती बाटली संपली, तेव्हा आत्याने भाबडेपणाने आडाच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यावर आतोबांनी जो थयथयाट केला, तो ऐकून शेजारचे लोक कुणाला साप चावला म्हणून धावत आले. "आडाचं पाणी? अगं, त्यात क्षार असतात! विष आहे ते बॅटरीला, विष!" शेजारी परत गेले. आत्याने तांब्यातले पाणी तुळशीला घातले आणि त्यानंतर बॅटरीच्या वाटेला म्हणून ती गेली नाही.

शेवटी मिस्त्रीला बोलावले. त्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "साब, ये बीमार नहीं, भूकी है. हफ्ते में एक बार लंबा चलाव. और खडी गाडी में इंजन हल्लू चला के मत बैठो, उससे कुछ भरता नहीं." यातला पहिला उपदेश आतोबांना पटला, दुसरा कधीच पटला नाही. इंजिन चालू म्हणजे चार्जिंग चालू, असे त्यांचे साधे अध्यात्म होते. लांब चालवायचे ठरल्यावर त्यांनी प्रथम सिद्धेश्वराच्या तळ्याच्या बाजूने मोटारीच्या फेऱ्या सुरू केल्या. दोन-तीन दिवस हे पाहून एका म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारले, "नवस कसला म्हनायचा मालकांचा?" दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या बंद झाल्या. मग आठवड्यातून एकदा गावाबाहेर जायचे ठरले, आणि आतोबांनी खूप विचार केल्यासारखे करून जाहीर केले, की टेंभुर्णीकडचा रस्ता बॅटरीला सोसणार नाही, बार्शीचा मानवेल.

आत्या त्या वेळी भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला, कारण बार्शीच्या रस्त्यावर वैराग लागते, आणि वैराग म्हणजे तिचे माहेर.

आता इथे मागचे थोडे सांगायला हवे. अधिक महिन्यात आमच्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावले होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. मोटार नुकतीच घेतलेली, त्यामुळे आतोबा थाटात आले, धोंडे खाल्ले, वाण घेतले, आणि निघताना मोटार "टक्" म्हणाली. अख्खी आळी गोळा झाली. अखेर आबांच्या ढवळ्या-पवळ्याला जुंपून ती रस्त्याला लावावी लागली. आबा बोलून चालून शेतकरी गडी. कौतुकानेच म्हणाले, "जावईबापू, ह्या मोटारीपरीस आमची जोडी बरी की! तिला बॅटरी लागत न्हाय." आळी खो खो हसली. आतोबांनी दोर सोडता सोडता सगळ्यांच्या देखत सांगितले, "जिथं माझ्या मोटारीहून बैलाला मान, त्या वेशीच्या आत मी परत येणार नाही." आणि माणूस असा हट्टी, की खरेच गेला नाही. आबाही त्याच लाकडाचे. "म्या काय शिवी दिली व्हय?" म्हणून तेही कधी जावयाची समजूत काढायला आले नाहीत. मधल्या मधे आत्याचे माहेर तुटले. ती कुणाला काही बोलत नसे, पण एकदा मला म्हणाली, "आबा थकल्याती रं. एकदा ह्या दोगांना एका पंगतीला बसल्यालं बघू दे, मग मला काय नगं."

तर अशी ती रविवारची फेरी सुरू झाली. आतोबांचा एक डोळा रस्त्यावर आणि दीड डोळा चार्जिंगच्या काट्यावर असे; काटा उजवीकडे गेला की वीज भरते, डावीकडे गेला की उतरते. या काट्यापायी वाटेतल्या वडाळा गावाजवळ आम्ही एकदा कडब्याच्या गाडीत शिरलो, तेव्हाही कडब्यातून त्यांचा आवाज आला तो "काटा उजवीकडे आहे!" असाच. वैरागच्या वेशीबाहेर चिंचेखाली ते मोटार उभी करीत, इंजिन चालूच ठेवीत, समोर बघत आत्याला म्हणत, "तू जाऊन ये. मी चार्जिंग बघतो." आत्या परकर सावरणाऱ्या पोरीसारखी धावत आत जाई; मी घरी तोंड दाखवून हँडलसाठी परत मोटारीपाशी येई. त्यांनी तिला एकदाही "चल, तुला माहेरी नेतो" असे म्हटले नाही, आणि तिनेही कधी बॅटरी भरली का म्हणून विचारले नाही. मला मात्र या माणसाचा राग यायचा आणि त्याच वेळी त्याला मिठी मारावीशीही वाटायची.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आबांना ताप होता. आत्या लवकर परत येईना. अंधार पडू लागला. आतोबा चुळबुळत होते. वेशीपासून चिंचेपर्यंत वाट खडबडीत. ते पुटपुटले, "तिला दिसायचं कसं?" आणि ज्या माणसाने हॉर्न वाजू दिला नाही, त्याने मोटारीचे दोन्ही दिवे लावले! वाट दुधासारखी उजळली. मी काट्याकडे पाहिले, तर तो डावीकडे पार लवंडलेला. "आतोबा, वीज उतरतेय," मी म्हणालो. "इंजिन चालू आहे ना? मग भरतेय," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मिस्त्रीचे खरे ठरायला फार वेळ लागला नाही. दिवे पिवळे झाले, तांबूस झाले, आणि इंजिन उचकी देऊन थांबले. मी हात सोलवटेपर्यंत हँडल मारले, पण बॅटरीत ठिणगीपुरतीसुद्धा धुगधुगी उरली नव्हती.

तेवढ्यात आत्या आणि तिच्याबरोबर कंदील घेतलेले माझे वडील आले. मागून आळीही आलीच. वडिलांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि भीत भीत म्हणाले, "दाजी, सोलापूरच्या अंगाला समदा चढ हाय. तिकडं न्यायची तर बैलंच लागतील."

बैल हा शब्द ऐकून आत्याने डोळेच मिटले.

"न्हायतर," वडील म्हणाले, "हिकडं उतार हाय. ढकलून देतो, वाटंत सुरू झाली तर झाली."

हिकडं म्हणजे वेशीच्या आत. आतोबांनी एकदा वेशीकडे पाहिले, एकदा बायकोकडे. ती पदर तोंडाला लावून उभी होती. मग आतोबा स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "ढकला."

मोटार निघाली. दिवे नाहीत, आवाज नाही, पुढे कंदील, मागे सारी आळी, आणि मधे वरातीतल्या नवरदेवासारखे ताठ बसलेले आतोबा. वेस आली आणि गेली. मोटार सुरू झाली नाही ती नाहीच. उतार संपला तो आबांच्या दारात.

पुढे धावलेल्या पोरांनी वर्दी दिलीच होती; आबा घोंगडी पांघरून उंबऱ्यात उभे होते. हातात घासलेला तांब्या. तापाने पाय लटपटत होते, तरी दोन पायऱ्या उतरून आले.

"या जावईबापू. पाय धुवाया पानी तितं बादलीत हाय," आबा म्हणाले. मग तांब्या पुढे केला. "हे बॅटरीसाटी. पोरगी सांगत व्हती, तिला पानी लागतंय. आमच्याकडं बाटलीतलं कुटनं असनार? आडाचंच हाय. पर दोन बार गाळलंय. चालंल का?"

मी आत्याकडे पाहिले, आत्याने माझ्याकडे. तो साप चावल्यासारखा थयथयाट आता या दारात होणार, असे दोघांनाही वाटले. आतोबा तांब्याकडे पाहत राहिले. मग खाली वाकले, पायाखालची फळी काढली, आणि कंदिलाच्या उजेडात बॅटरीची झाकणे एकेक करून उघडली.

"चालतं की," ते म्हणाले. "गाळलंय म्हणजे उत्तमच."

आणि स्वतःच्या हाताने, थेंबही बाहेर न सांडता, त्यांनी ते आडाचे पाणी बॅटरीत घातले. त्या रात्री जावई आणि सासरे एका पंगतीला बसले. आबांनी ताकातली मऊ भाकरी खाल्ली, आतोबांनी नको नको म्हणत तिसरी भाकरी घेतली, आणि वाढता वाढता आत्याला आपण कुणाला काय वाढतोय ते दिसत नव्हते. सकाळी ढवळ्या-पवळ्यानेच मोटार वर ओढली. आतोबा ढवळ्याच्या वशिंडावर हात ठेवून बाजूने चालत गेले.

ती बॅटरी नंतर फार दिवस टिकली नाही. मिस्त्री ती उघडून चिडला, "आड का पानी कौन डाला इस में?" आतोबा "मी" म्हणाले. उन्हाळ्यात आबा गेले. नवी बॅटरी आली, तिलाही घोंगडी मिळाली. जुनी मात्र आतोबांनी ओसरीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवली. भंगारवाला दारावर आला, की मोडक्या चुलीपासून फुटक्या कंदिलापर्यंत सगळे द्यायला ते तयार असत, तिला मात्र हात लावू देत नसत. एकदा आत्याच वैतागून म्हणाली, "अवो, मेलेली बॅटरी ती. जागा अडलीया नुसती. द्या की."

आतोबांनी पुढे होऊन तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली.

"राहू दे," ते म्हणाले. "आबांचं पाणी आहे तिच्यात."

आत्याने भंगारवाल्याला जायला सांगितले.